नाटक ऐकणारी वस्ती

लालबाग-परळच्या, म्हणजे मुंबईच्या गिरणगावाच्या इतिहासात नाटकाला जागा मिळते ती बहुधा करमणुकीच्या प्रकरणात. गिरण्या, संप, युनियन, चाळी, खाणावळी यांचे सविस्तर वर्णन झाले की शेवटी भजनी मंडळे, व्यायामशाळा, गणेशोत्सव आणि नाटके अशी एक यादी येते आणि प्रकरण संपते. मराठी रंगभूमीच्या इतिहासात हेच उलट्या बाजूने घडते. तिथे संगीत नाटक, सामाजिक नाटक, प्रायोगिक नाटक अशी मोठी दालने असतात आणि कामगार रंगभूमीला कोपऱ्यातली एक खोली मिळते. दोन्ही इतिहासांचे गृहीत एकच आहे: नाटक दुसरीकडे कुठेतरी तयार होत होते आणि गिरणगाव ते पाहत होते, फार तर त्याची नक्कल करत होते. हे गृहीत मला चुकीचे वाटते. १९२० च्या दशकापासून १९८२ च्या संपापर्यंत भायखळ्यापासून दादरपर्यंतचा हा पट्टा नवे नाटक घडवणारी एक व्यवस्था होता. लिहिलेले लोकांपुढे न्यायचे, ते कुठे पकडते आणि कुठे सुटते हे पाहायचे, दुरुस्त करायचे आणि पुन्हा न्यायचे, हे काम इथे साठ वर्षे चालले. ही व्यवस्था कोणी आराखडा काढून उभारली नव्हती. म्हणूनच ती मोडली तेव्हा नाटकाचे काय गेले याचा हिशेब कोणी मांडला नाही.

नवे नाटक एकट्याने टेबलापाशी पूर्ण होत नाही, हे मराठी नाटकवाल्यांना फार पूर्वीपासून ठाऊक होते. नाटककाराने कंपनीपुढे संहिता वाचायची, मालकाने आणि नटांनी ती ऐकायची, मग पदे बदलायची, प्रवेश गाळायचे, आणि तालमीत पुन्हा काही बदल व्हायचे, हा संगीत नाटकाच्या काळातला नेहमीचा क्रम होता. पण या वाचनाला कोण बसणार हे ठरलेले असे. हिराबाई पेडणेकरांचे उदाहरण इथे महत्त्वाचे आहे. सावंतवाडीकडच्या कलावंत घराण्यातून आलेल्या आणि गिरगावात राहिलेल्या हिराबाईंनी १९०४ मध्ये ‘जयद्रथ विडंबन’ लिहिले. त्यांचे ‘दामिनी’ हे संगीत नाटक १९१२ मध्ये ललितकलादर्श या नाटक कंपनीने रंगभूमीवर आणले. त्या काळातले नामवंत नाटककार आणि कवी त्यांच्या घरी जमत, वाचने आणि चर्चा होत. बैठक होती, जाणकार श्रोते होते, आणि त्यातून एका स्त्रीचे नाटक व्यावसायिक मंचापर्यंत पोचलेही. पण ती बैठक खासगी होती आणि हिराबाईंच्या सामाजिक स्थानामुळे सदैव संशयाच्या सावलीत होती. त्या मुंबई सोडून कोकणात गेल्या आणि त्यांचे नाट्यलेखन पुढे बहरले नाही. एका घरावर किंवा एका कंपनीच्या मर्जीवर उभी असलेली वाचनाची सोय माणसाबरोबर संपते. तिला टिकायचे तर सार्वजनिक जागा लागते, पुन्हा पुन्हा येणारा श्रोता लागतो आणि फसण्याचा खर्च परवडण्याइतका कमी असावा लागतो. या तिन्ही गोष्टी गिरगावच्या बैठकीपेक्षा परळ-लालबागच्या चाळींत अधिक भक्कमपणे जमून आल्या.

जागेपासून सुरुवात करू. ना. म. जोशी यांनी १९११ मध्ये सोशल सर्व्हिस लीगची स्थापना केली. रात्रशाळा, वाचनालये, चाळींत फिरणाऱ्या पुस्तकांच्या पेट्या अशी कामे करता करता लीगने परळला कामगारांसाठी सभागृह उभे केले. १९२२ पासूनचे हे दामोदर ठाकरसी सभागृह, म्हणजे सर्वांच्या तोंडी असलेला दामोदर हॉल. त्यामागचा विचार सुधारकी होता: गिरणीतून सुटलेल्या माणसाने गुत्त्याची वाट धरू नये, त्याला निर्व्यसनी करमणूक मिळावी. पण एकदा रंगमंच बांधला की त्याचा उपयोग बांधणाऱ्याच्या हेतूपुरता राहत नाही. कोकणातून आलेल्या चाकरमान्यांनी तिथे दशावतार आणि नमन-खेळे नेले, घाटावरच्या मंडळींनी वग नेले. गावच्या शाळेसाठी किंवा देवळासाठी निधी जमवायला मदतीचे खेळ लागू लागले. लालबागला नेराळे कुटुंबाच्या हनुमान थिएटरात तमाशाचे फड उतरत, आणि सातारा-पुण्याकडचा कामगार आपल्या मुलखातले नाटक तिकीट काढून पाहत असे. एका मैलाच्या परिसरात दशावतारातला आयत्या वेळचा संवाद, वगातली सवाल-जवाबाची चाल आणि शहरी नाटकाची लिखित संहिता एकमेकांच्या शेजारी नांदत होती. महाराष्ट्रात इतरत्र या परंपरांच्या मध्ये शेकडो कोसांचे अंतर होते. गिरणगावात एकाच मजल्यावरच्या दोन खोल्यांत त्या भेटत.

दुसरी गोष्ट माणसांची. गिरण्या पाळ्यांत चालत, त्यामुळे तालमीही पाळ्यांच्या हिशेबाने होत. पहिल्या पाळीचा माणूस संध्याकाळी मोकळा, दुसऱ्या पाळीचा सकाळी. मंडळाच्या गाळ्यात, व्यायामशाळेत किंवा चाळीच्या चौकात तालीम लागली की ती बंद दाराआड राहत नसे. खोल्या लहान, गॅलरी सामाईक, आणि पाठांतर मोठ्याने. प्रयोगाच्या आधी महिनाभर सगळी चाळ नाटक ऐकत असे. अमुक वाक्य खोटे वाटते, अमुक माणूस गिरणीत असे बोलणार नाही, हे सांगायला कोणाची परवानगी लागत नव्हती. आज जगातल्या नाट्यसंस्था पडद्याआधीचे जाहीर वाचन ठेवतात. नट हातात संहिता घेऊन वाचतात, प्रेक्षक ऐकतात, नंतर बोलतात, आणि नाटककार घरी जाऊन खोडतो. चाळीतल्या तालमीला तसे नाव नव्हते, पण काम तेच होते, आणि श्रोता अधिक कडक होता. कारण ज्या जगाबद्दल नाटक बोलत होते त्याच जगात तो राहत होता. मामा वरेरकरांनी ‘सोन्याचा कळस’ या नाटकात गिरणी कामगार आणला आणि ‘धावता धोटा’ या कादंबरीतही हेच जग घेतले, तेव्हा मध्यमवर्गीय प्रेक्षकाला विषयाचे नावीन्य वाटले. गिरणगावातल्या प्रेक्षकाला नावीन्य नको होते. आपले बोलणे बरोबर धरले आहे की नाही, एवढे तो पाहत होता.

या कडक श्रोत्यापुढे सर्वांत नेटाने उभी राहिली ती लाल बावटा कलापथकाची मंडळी. अण्णाभाऊ साठे, अमर शेख आणि द. ना. गवाणकर यांनी १९४४ मध्ये हे कलापथक उभे केले. त्याआधीच्या वर्षी, मे १९४३ मध्ये, मुंबईतच इप्टा या नाट्यसंघटनेची स्थापना झाली होती, आणि तिच्या पहिल्या काळातल्या नाटकांत सरमळकर यांचे ‘दादा’ हे कामगार जीवनावरचे मराठी नाटक होते. अण्णाभाऊंनी वगाचा साचा घेतला. त्यातली गण-गवळण बाजूला सारून श्रमिकाला वंदन आणले, राजा आणि प्रधानाच्या जागी सावकार, पुढारी आणि मालक बसवले. मुंबई सरकारने स्वातंत्र्यानंतरच्या पहिल्या वर्षांत तमाशावर बंदी आणली, तेव्हा हा प्रकार लोकनाट्य म्हणून पुढे चालला. संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात ‘माझी मुंबई’सारखी लोकनाट्ये सभांच्या मंचावरून लोकांपर्यंत गेली. नाट्यलेखनाच्या दृष्टीने यातला कळीचा भाग असा की लोकनाट्याची संहिता प्रयोगागणिक हलती असे. आज संपाची बातमी आली तर ती आज रात्रीच्या वगात शिरली पाहिजे. जो विनोद नायगावात पडला तो लालबागला तसाच ठेवता येत नाही. लिहिणे आणि तपासणे यांतले अंतर इथे एका रात्रीचे होते. अमेरिकेत पुढे १९६५ मध्ये याच्याशी जवळचे नाते सांगणारी घटना घडली. कॅलिफोर्नियातल्या डेलानो इथे द्राक्षमळ्यांतल्या मजुरांचा संप चालू असताना लुईस वाल्देझ यांनी एल तेआत्रो कांपेसिनो ही नाटकमंडळी काढली. मेक्सिकन वंशाचे मजूर ट्रकच्या उघड्या फळीवर छोटी छोटी प्रहसने करत आणि समोरचे मजूर ती घडवण्यात भाग घेत. अमेरिकेतल्या लॅटिनो रंगभूमीच्या इतिहासात ही मंडळी पायाचा दगड मानली जाते. गिरणगावच्या कलापथकांनी हे वीस वर्षे आधी केले, तरी त्यांना आपण शाहिरीच्या खात्यात टाकतो आणि मराठी नाट्यलेखनाच्या पायात मोजत नाही.

तिसरी गोष्ट फसण्याच्या खर्चाची, आणि इथे सरकारी यंत्रणेचे श्रेय नाकारता येत नाही. १९५३ च्या कामगार कल्याण निधी कायद्याने मालक आणि कामगार यांच्या वर्गणीतून कल्याणाचा निधी उभा राहिला. वस्त्यावस्त्यांत कामगार कल्याण केंद्रे निघाली आणि त्यांच्यामार्फत नाट्यस्पर्धा सुरू झाल्या. त्याच दशकात राज्य नाट्यस्पर्धाही सुरू झाली. या दोन्हींमुळे एक साधी गोष्ट शक्य झाली: ज्याच्याकडे भांडवल नाही, ओळख नाही, अशा माणसाचे नाटक प्रकाशयोजना आणि परीक्षक यांच्यासह भरल्या सभागृहात एकदा तरी होऊ शकते. नाटक पडले तर नोकरी जात नाही, घर गहाण पडत नाही. पुढच्या वर्षी दुसरे नाटक घेऊन येता येते. एकांकिकेने हा खर्च आणखी कमी केला. गंगाराम गवाणकरांचे ‘वस्त्रहरण’ १९८० मध्ये मच्छिंद्र कांबळींनी व्यावसायिक मंचावर गाजवले, पण त्याचे मूळ ‘आज काय नाटक होवचा नाय’ या छोट्या एकांकिकेत होते. गावातल्या हौशी मंडळाची पौराणिक नाटकाची धडपड हा तिचा विषय. चाकरमान्यांच्या प्रत्येक मंडळाला तो ओळखीचा होता आणि मालवणी बोली तर घरचीच होती. एकांकिका ते दोन अंकी नाटक हा प्रवास म्हणजे नवे नाटक पायरीपायरीने वाढवण्याचा धडाच आहे. वसंत सबनिसांच्या ‘छपरी पलंगाचा वग’ या लेखनातून १९६५ मध्ये ‘विच्छा माझी पुरी करा’ उभे राहिले, त्यातही हीच रीत दिसते. नायगाव-लालबागच्या चाळींत वाढलेल्या, सेवादलाच्या कलापथकात तयार झालेल्या दादा कोंडक्यांनी त्या संहितेत प्रयोगागणिक भर घातली. लेखकाने मोकळी जागा सोडायची आणि नटाने समोरच्या लोकांकडे पाहून ती भरायची, ही वगाची जुनी शिस्त होती.

या मांडणीवरचा पहिला आक्षेप असा की हे चित्र फार उजळ आहे. गिरणगावातल्या मंडळांनी केलेल्या नाटकांपैकी बहुसंख्य नाटके नवी नव्हतीच. ती पौराणिक, ऐतिहासिक किंवा व्यावसायिक मंचावर गाजलेली नाटके होती, आणि नामवंत नटांची लकब उचलण्यातच हौशी नटाला धन्यता वाटे. हे खरे आहे आणि ते लपवण्याचे कारण नाही. पण कोणत्याही नाट्यसंस्कृतीत नव्या संहितेचे प्रमाण लहानच असते. प्रश्न असा विचारायला हवा की ती लहानशी नवी पेरणी रुजायला जमीन होती का. जुनी नाटके वर्षानुवर्षे करणाऱ्या आणि ऐकणाऱ्या वस्तीला नाटक कसे चालते याचा कान येतो. प्रवेश कुठे रेंगाळतो, रहस्य कधी फोडावे, स्वगत कुठे जड होते, हे तिला पुस्तकाशिवाय कळते. हा कान असलेला श्रोता नव्या लेखकाला मिळणे ही मोठी गोष्ट आहे. आज अनेक शहरांत नाटक लिहिणारे तरुण आहेत, पण त्यांच्या वाचनाला बसणारी मंडळी म्हणजे इतर नाटक लिहिणारे तरुणच असतात. गिरणगावात श्रोत्यांच्या गर्दीत लेखक एखादा असे. म्हणून त्याला मिळालेला प्रतिसाद व्यवसायबंधूंच्या सौजन्याने मऊ झालेला नसे.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. स्पर्धा म्हणजे नाटकाची वाढ नव्हे. परीक्षक गुण देतात, निकाल लागतो, आणि हरलेली संहिता कपाटात जाते. ती का हरली, तिच्यात काय दुरुस्त करावे, हे लेखकाशी बसून बोलायला कोणाला वेळ नसतो. शिवाय बक्षिसावर डोळा ठेवून लिहिण्याची सवय लागते, आणि परीक्षकांना भावेल असा शेवट कमावला जातो. हा आक्षेप मला मान्य आहे, आणि गिरणगावच्या व्यवस्थेची खरी मर्यादा हीच होती असे मी मानतो. जगात इतरत्र काय झाले हे पाहिले की ती स्पष्ट होते. क्युबात जन्मलेल्या नाटककार मारिया इरेने फोर्नेस यांनी १९८० च्या दशकाच्या सुरुवातीपासून न्यूयॉर्कच्या इन्तार या संस्थेत लॅटिनो नाटककारांसाठी लेखनाची प्रयोगशाळा चालवली. तिथे निकाल नव्हता. लेखक एकत्र बसून लिहीत, वाचत, ऐकत, आणि मग संहिता वाचनातून प्रयोगाकडे जाई. चेरी मोरागा, निलो क्रूझ, मिग्दालिया क्रूझ हे नाटककार त्या शाळेतून घडले, आणि निलो क्रूझ यांना २००३ मध्ये नाटकासाठी पुलित्झर पारितोषिक मिळाले. त्या नाटकाची पार्श्वभूमीही लक्षात घेण्याजोगी आहे: फ्लोरिडातला सिगार कारखाना, आणि काम करणाऱ्या मजुरांना मोठ्याने कादंबरी वाचून दाखवणारा पगारी वाचक. महाराष्ट्रात असा प्रयत्न पुण्याच्या थिएटर अकादमीने केला. १९८५ पासून सतीश आळेकरांच्या संयोजनाखाली फोर्ड फाउंडेशनच्या मदतीने नाटककारांच्या विकासाची योजना तिथे राबवली गेली. ‘घोटभर पाणी’ या गाजलेल्या एकांकिकेचे लेखक प्रेमानंद गज्वी यांनी पुढे बोधी नाट्य परिषदेमार्फत लेखनाच्या कार्यशाळा आणि वाचने सुरू केली. गिरणगावात स्पर्धा होती, श्रोते होते, पण स्पर्धेनंतर लेखकाच्या हाताला धरून बसवणारी ही शेवटची पायरी नव्हती. त्यामुळे तिथून नाटके पुष्कळ आली, सातत्याने लिहिणारे नाटककार मात्र त्या मानाने थोडे आले.

ही पायरी नसल्याचा सर्वांत मोठा फटका स्त्रियांना बसला. १९२० च्या दशकात मुंबईच्या गिरण्यांतल्या कामगारांत सुमारे पाचवा हिस्सा स्त्रियांचा होता. रात्रपाळीवरची बंदी आणि यंत्रांच्या फेरमांडणीनंतर तो आटत गेला, आणि अनेक बायकांनी खाणावळी चालवून घरे सांभाळली. या बायका नाटक ऐकत होत्या, नाटकाच्या खर्चाला आणे-रुपये देत होत्या, रात्री उशिरा तालमीहून येणाऱ्यांना जेवायला वाढत होत्या. पण लेखणी त्यांच्या हाती आली नाही, आणि मंचावरची स्त्रीपात्रे कित्येक मंडळांत दीर्घकाळ पुरुषच करत राहिले. कोणी म्हणेल, जी व्यवस्था निम्म्या वस्तीला लेखक होऊ देत नाही तिला नाटक घडवणारी म्हणावे का? उत्तर सरळ द्यायला हवे: ती अर्धीच व्यवस्था होती. कॅलिफोर्नियातही असेच घडले. संपाच्या ट्रकवरून उभ्या राहिलेल्या रंगभूमीत स्त्रियांच्या वाट्याला ठरावीक साच्यातल्या भूमिका आल्या, अशी टीका पुढे तिच्यावर झाली. मजूर स्त्रियांचे जग आतून मांडणारी चेरी मोरागांची नाटके फोर्नेस यांच्या प्रयोगशाळेनंतर आली. संपामुळे विषय मिळतो आणि आवाजही मिळतो, पण ज्याला आजवर कोणी बोलू दिले नाही त्याला लेखक व्हायला निवांत, सुरक्षित, निकालाशिवायची जागा लागते. मुंबईत ती जागा स्त्रियांनी स्वतःच तयार केली. १९७५ मध्ये सुरू झालेल्या स्त्री मुक्ती संघटनेसाठी ज्योती म्हापसेकरांनी लिहिलेले ‘मुलगी झाली हो’ १९८३ मध्ये उभे राहिले आणि वस्त्या, चाळी, खेडी असे हजारो प्रयोग त्याने केले. ओव्यांची चाल, मोजके सामान, कार्यकर्त्या बायकांचा संच आणि समोरच्या बायकांच्या अनुभवाची जोड यांतून ते वाढले. हे नाटक कोणत्याही कामगार स्पर्धेतून आलेले नाही. पण लोकांत जाऊन संहिता तपासण्याची जी रीत कलापथकांनी मुंबईत रुळवली होती, तिचा हा पुढचा टप्पा आहे. तो वगळून गिरणगावच्या नाट्यपरंपरेची गोष्ट सांगणे अपुरे ठरेल.

तिसरा आक्षेप साहित्याच्या इतिहासकारांकडून येतो. मराठी नाटकात खरे नवे वळण रंगायनने आणि आविष्कारने आणले, गिरणगावाने नव्हे. १९६० मध्ये विजया मेहता, विजय तेंडुलकर, अरविंद देशपांडे आदींनी रंगायन उभारले. आविष्कारने १९७४ पासून दादरच्या छबिलदास शाळेच्या सभागृहात छोट्या प्रेक्षकवर्गापुढे नवी नाटके केली. हे योगदान अमोल आहे. पण छबिलदासचे यश कशात होते ते बारकाईने पाहिले तर माझेच म्हणणे पुढे येते. सुलभा देशपांडे त्या शाळेत शिक्षिका होत्या. त्या नात्याने जागा स्वस्तात मिळाली, प्रेक्षक नियमित झाला आणि फसण्याची मुभा मिळाली. त्याच तीन अटी इथेही होत्या. दादरने त्या प्रायोगिक या प्रतिष्ठित नावाखाली पूर्ण केल्या, परळने कल्याण या सरकारी नावाखाली. दोन्ही परंपरांना जोडणारा लेखक लालबागच्याच भागात वाढला. गिरणगावात जन्मलेल्या, पत्रकारिता केलेल्या, नाट्यसमीक्षा लिहिलेल्या जयंत पवारांचे ‘अधांतर’ १९९७ मध्ये मंगेश कदम यांच्या दिग्दर्शनात आले. संपानंतरच्या धुरी कुटुंबाची ही गोष्ट चाळीतल्या एका खोलीत घडते. गिरणी मंचावर दिसत नाही, तिचे बंद पडणे प्रत्येक माणसाच्या वागण्यातून दिसते. घरातला एक मुलगा लेखक होऊ पाहतो, दुसरा गुन्हेगारीकडे वळतो, आई घर धरून ठेवते. बांधणी छबिलदासच्या पिढीने घडवलेल्या वास्तववादी नाटकाची आहे, पण तिच्यातले बोलणे चाळीच्या गॅलरीत ऐकून तपासलेले आहे. एका परंपरेचे शिक्षण आणि दुसरीचा कान एकत्र आले तर काय होते, याचा यापेक्षा सबळ पुरावा मला माहीत नाही.

आता काळाकडे पाहू. १८ जानेवारी १९८२ रोजी दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख कामगारांचा संप सुरू झाला. तो कधी रीतसर मागे घेतला गेला नाही, आणि गिरण्या एकामागून एक बंद पडत गेल्या. ‘अधांतर’ त्यानंतर पंधरा वर्षांनी आले. रामू रामनाथन यांचे ‘कॉटन ५६, पॉलिएस्टर ८४’ हे इंग्रजी नाटक तर २००६ मध्ये आले, आणि मीना मेनन व नीरा आडारकर यांनी गोळा केलेल्या कामगारांच्या मौखिक इतिहासाचा त्याला आधार होता. इथे उलटा क्रम दिसतो. १९४० च्या दशकात घटना आज आणि वग रात्री, अशी गाठ होती. १९८२ नंतर इतक्या मोठ्या औद्योगिक संपाला मराठी मंचावर पूर्ण ताकदीने यायला दीड दशक लागले. संपाच्या काळात शाहिरी आणि पथनाट्ये झालीच. पण ती पुढे वाढून मोठे नाटक व्हावे अशी शिडी उरली नव्हती. मंडळांचे गाळे रिकामे झाले, वर्गणी बंद पडली, तरुण नोकरीच्या शोधात उपनगरांत गेले. कोणी म्हणेल की दूरचित्रवाणीने हे सगळे तसेही संपवले असते. हा युक्तिवाद मला पटत नाही. दूरचित्रवाणी पुण्यातही आली, दादरलाही आली, आणि एकांकिका स्पर्धा तिथे उलट वाढल्या. महाविद्यालयीन मुलांना तालमीला जागा आणि वेळ होता म्हणून त्या वाढल्या. गिरणगावात या दोन्ही गोष्टी एकदम गेल्या. जिथे जागा टिकली तिथे नाटक टिकले आणि जिथे जागा गेली तिथे ते गेले, असा नियम या शहराच्या नाट्य इतिहासातून काढता येतो.

म्हणूनच परळच्या दामोदरचा प्रश्न मला निव्वळ वारशाचा वाटत नाही. शंभर वर्षे पूर्ण झालेले हे नाट्यगृह २०२३ च्या अखेरीस पुनर्विकासासाठी बंद झाले, तेव्हा रंगकर्मी रस्त्यावर उतरले आणि नाट्यगृह आधी बांधून द्या अशी मागणी झाली. मागणी रास्त आहे, पण ती अपुरी राहण्याचा धोका आहे. वातानुकूलित, मोठ्या भाड्याचे, शनिवार-रविवारी व्यावसायिक नाटकांनी भरलेले नवे सभागृह मिळाले तरी नाटक घडवणारी व्यवस्था परत आली असे होणार नाही. त्या व्यवस्थेच्या अटी आपल्याला इतिहासाने लिहून दिल्या आहेत आणि त्या महाग नाहीत. आठवड्यातल्या काही संध्याकाळी नाममात्र भाड्याने वाचनासाठी सभागृह मिळावे. पुनर्विकासाच्या प्रत्येक मोठ्या इमारतीत रहिवासी मंडळाला तालमीची खोली असावी. कामगार कल्याणच्या स्पर्धेत निवडक नव्या संहितांना निकालानंतर एक पुनर्लेखनाचे वर्ष, वाचन आणि दुसरा प्रयोग मिळावा. आणि त्या निवडीत स्त्रियांनी, आजच्या माथाडींनी, घरकामगारांनी, मॉलमधल्या विक्रेत्यांनी आणि घरपोच माल पोचवणाऱ्या तरुणांनी लिहिलेल्या नाटकांना राखीव जागा असावी, कारण मागच्या व्यवस्थेचे सर्वांत मोठे अपयश तिथेच होते. गिरण्या परत येणार नाहीत. पण नाटक घडायला गिरणी कधीच लागत नव्हती. लागत होती स्वस्त जागा, चुकण्याची मुभा, आणि लेखकाच्या तोंडावर खरे बोलणारी वस्ती. यातली तिसरी गोष्ट लालबाग-परळमध्ये अजून आहे. पहिल्या दोन शहराने द्यायच्या आहेत, आणि त्या मिळणे हा त्या जागेवर साठ वर्षे राबलेल्या नाट्यपरंपरेचा हक्क आहे.